पहिलं स्विस घड्याळ घेताना: मनगट, यंत्र आणि मोड

सराफाकडे पाटल्या घेताना आपल्याकडच्या बायका एक प्रश्न हमखास विचारतात: "मोडायला आणल्या तर किती कापाल?" घडणावळ जाणार, तूट जाणार, खड्यांचं वजन वजा होणार आणि मग हातात काय उरणार, हा हिशेब दुकानाची पायरी चढण्याआधीच मनात झालेला असतो. त्याच घरातला मुलगा चार-पाच लाखांचं घड्याळ घ्यायला जातो तेव्हा हा प्रश्न कुणीच विचारत नाही. घड्याळालाही मोड असते. काही घड्याळं दुकानाबाहेर पडली की किमतीचा मोठा हिस्सा गमावतात, काही पाच वर्षांनी घेतल्या किमतीच्या आसपास जातात. आणि ही दोन्ही प्रकारची घड्याळं एकाच काउंटरवर, एकाच मखमली ट्रेमध्ये शेजारीशेजारी ठेवलेली असतात.

दोन ते दहा लाखांच्या दरम्यानचं पहिलं घड्याळ घेऊ पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. माझा आग्रह एका क्रमाचा आहे: आधी मनगट, मग यंत्र, मग मोड. मोड पहिल्यांदा बघणारे न आवडणारं घड्याळ घेतात, ते कपाटात ठेवतात आणि दोन वर्षांत विकायला काढतात. मोड अजिबात न बघणारे आवडीचं घेतात, पण गरज पडते तेव्हा दुकानदाराने सांगितलेला आकडा ऐकून त्यांना धक्का बसतो. मला दोन्ही प्रकारची माणसं भेटली आहेत.

पायरी १: मनगट मोजा, दिवस आठवा

शिवणकामाची टेप घ्या आणि मनगटाचा घेर मोजा. घड्याळाच्या माहितीत ४० मिमी, ४२ मिमी असा केसचा, म्हणजे यंत्र बसवलेल्या बाहेरच्या डबीचा, व्यास लिहिलेला असतो. पण घड्याळ हातावर बसतं की नाही हे व्यासावर ठरत नाही. पट्टा ज्या शिंगांना जोडलेला असतो त्यांना लग म्हणतात. वरच्या लगच्या टोकापासून खालच्या लगच्या टोकापर्यंतचं अंतर तुमच्या मनगटाच्या वरच्या सपाट भागापेक्षा जास्त असेल, तर घड्याळ हातावर ठेवलेल्या बशीसारखं दिसतं. जाडीही बघा. १४ मिमीच्या आसपासचं घड्याळ शर्टाच्या कफखाली जाता जात नाही.

दुकानात घड्याळ घातल्यावर फोन जवळ धरून फोटो काढू नका, त्यात ते आहे त्याहून मोठं दिसतं. आरशासमोर उभं राहून बघा. दहा मिनिटं घालून बसा, टेबलावर हात टेकून टाइप करण्यासारखी बोटं हलवा. चावी मनगटात टोचते का, ते तेव्हाच कळतं.

मग तुमचा दिवस. मुंबईत लोकलने जाणारा माणूस, कोकणात किंवा गोव्यात राहणारा माणूस आणि नागपूरच्या उन्हाळ्यात बाहेर फिरणारा माणूस यांच्या घड्याळाच्या गरजा वेगळ्या आहेत. आपल्याकडच्या दमट हवेत चामड्याचा पट्टा फार टिकत नाही. घामाने त्याला वास येतो, पावसाळ्यात बुरशी धरते. म्हणून एकच मॉडेल चामड्याच्या पट्ट्यावर आणि स्टीलच्या ब्रेसलेटवर अशा दोन्ही रूपांत मिळत असेल, तर ब्रेसलेटवालं घ्या. चामड्याचा पट्टा पुढे कधीही स्वस्तात घेता येतो. कंपनीचं ब्रेसलेट नंतर वेगळं घ्यायला गेलात, तर दुकानातल्या फरकापेक्षा बरंच महाग पडतं. विकतानाही ब्रेसलेटवाल्याला गिऱ्हाईक लवकर मिळतं.

पायरी २: वैशिष्ट्यांतलं कामाचं कोणतं आणि शोभेचं कोणतं

यंत्र तीन प्रकारचं असतं. चावीचं, म्हणजे रोज हाताने चावी द्यायची. ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आतलं वजन फिरून स्प्रिंग भरली जाते. आणि क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर चालणारं. २५ डिसेंबर १९६९ ला सेइकोने टोकियोत ॲस्ट्रॉन हे पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणलं आणि पुढच्या दशकात स्वित्झर्लंडचा धंदा पार कोलमडला. अचूकतेत साधं क्वार्ट्झ घड्याळ आजही लाखमोलाच्या यांत्रिक घड्याळाला सहज हरवतं. महागडं यांत्रिक घड्याळ आपण घेतो ते कारागिरीसाठी, दुरुस्त होत पिढ्यान्‌पिढ्या चालण्याच्या गुणासाठी आणि हौसेसाठी. हे स्वतःशी कबूल केलं की पुढची निवड सोपी होते.

अचूकतेचे दोन शिक्के लक्षात ठेवा. सीओएससी ही स्वित्झर्लंडमधली संस्था यंत्र १५ दिवस, पाच स्थितींत आणि तीन तापमानांत तपासते. दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे, इतक्या मर्यादेत बसलं तर त्याला क्रोनोमीटर म्हणता येतं. ओमेगा ज्याला मास्टर क्रोनोमीटर म्हणते, ती घड्याळं त्यापुढे जाऊन स्विस सरकारच्या मेटास या मापनसंस्थेच्या निकषांवर पूर्ण केससकट तपासली जातात: दिवसाला शून्य ते ५ सेकंद पुढे आणि १५,००० गॉस चुंबकत्वातही चालू. रोलेक्स स्वतःची मर्यादा दिवसाला २ सेकंद मागे-पुढे अशी सांगते.

यातला चुंबकत्वाचा भाग मला सर्वात कामाचा वाटतो. फोनचा स्पीकर, लॅपटॉपचं झाकण, टॅबलेटचं कव्हर, पर्सचं बटण, सगळीकडे चुंबक आहेत. घड्याळ अचानक दिवसाला एखादा मिनिट पुढे जायला लागलं की बहुतेक वेळा यंत्र बिघडलेलं नसतं, त्याच्या आतल्या केसाइतक्या बारीक स्प्रिंगला चुंबकत्व लागलेलं असतं. चांगला घड्याळजी ते काही सेकंदांत उतरवतो. त्यासाठी पूर्ण सर्व्हिसिंग करायला सांगितलं, तर दुसरा घड्याळजी गाठा.

पाण्याचे आकडे फसवे असतात. डायलवर ३० मीटर लिहिलं म्हणजे ३० मीटर खोल जाता येतं असं नाही, हात धुताना आणि पावसाच्या सरीत चालेल एवढाच त्याचा अर्थ. पोहायचं असेल तर १०० मीटर आणि आटे असलेली, घट्ट बसणारी चावी हवी. रबरी सीलं वर्षांगणिक सुकतात, त्यामुळे दहा वर्षं जुन्या ३०० मीटरच्या घड्याळावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. जुलैत काचेच्या आत धुकं दिसलं तर त्याच दिवशी घड्याळजीकडे न्या. तांदळाच्या डब्यात ठेवून आतला गंज थांबत नाही.

पॉवर रिझर्व्ह म्हणजे हातातून काढल्यावर घड्याळ किती तास चालतं. ७० तास असेल तर शुक्रवारी संध्याकाळी काढून ठेवलेलं घड्याळ सोमवारी सकाळी चालू सापडतं. ४० तासांचं रविवारी दुपारी थांबतं. रोज एकच घड्याळ घालणार असाल, तर या आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

आणि क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचची बटणं असलेली घड्याळं. दिसायला देखणी असतात, मलाही भुरळ पडते. पण यंत्रातले भाग वाढतात, सर्व्हिसिंगचा खर्च वाढतो आणि पहिल्या महिन्यानंतर बटणं क्वचितच दाबली जातात. परदेशी फोन करावे लागत असतील, मुलगी अमेरिकेत असेल, तर जीएमटी हा दुसऱ्या देशाची वेळ दाखवणारा जादा काटा मात्र रोज उपयोगी पडतो. तारखेबद्दल एकच सूचना: रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान घाईघाईत तारीख बदलू नका. अनेक यंत्रांत त्या वेळी तारखेची चाकं गुंतलेली असतात आणि दात मोडू शकतो.

पायरी ३: मोड कशावर ठरते

सोन्याची मोड वजनावर ठरते. घड्याळात वजनाला फारसं मोल नाही. उलट सोन्याचं घड्याळ मोडताना स्टीलच्या घड्याळापेक्षा जास्त टक्के गमावतं, असं बऱ्याचदा घडतं. मोड ठरवणाऱ्या गोष्टी माझ्या अनुभवात या.

दुकानात ते लगेच मिळतं का? हा पहिला आणि सर्वात मोठा प्रश्न. जे घड्याळ काउंटरवर पडून आहे आणि ज्यावर दुकानदार थोडी घासाघीस केल्यावर दहा-पंधरा टक्के सूट देतो, त्याची मोड त्या सुटीच्या खालूनच सुरू होते. ज्यासाठी नाव नोंदवून थांबावं लागतं, त्याची मोड टिकते. रोलेक्सची स्टीलची सबमरिनर, जीएमटी-मास्टर आणि डेटोना ही याची ठळक उदाहरणं. सबमरिनर १९५३ पासून चालू आहे आणि तिचं रूप सत्तर वर्षांत इतकं कमी बदललं आहे की जुनी जुनी वाटत नाही. मोड टिकायला हेही मोठं कारण आहे.

दुसरं, अनोळखी माणसाला ते ओळखता येतं का? घड्याळ तुम्ही एखाद्या जाणकारालाच विकाल असं नाही. कोपऱ्यावरच्या माणसालाही माहीत असलेलं नाव लवकर विकलं जातं. अत्यंत सुंदर पण अल्पपरिचित कंपनीचं घड्याळ विकायला सहा महिने लागू शकतात.

तिसरं, रंग आणि आकार. काळी, निळी, पांढरी डायल आणि ३६ ते ४१ मिमी यांना नेहमी गिऱ्हाईक असतं. मर्यादित आवृत्ती म्हणून विकलेली, भडक डायलची, ४५ मिमीची घड्याळं पडून राहतात. मर्यादित या शब्दाला भुलू नका. मागणीच नसेल तर पाचशे नगही जास्तच.

आणि चौथं, तेजी-मंदी. २०२१ आणि २०२२ च्या सुरुवातीला काय झालं ते नव्या माणसाला माहीत असायलाच हवं. टाळेबंदीच्या काळात लोकांच्या हातात पैसा होता, कारखाने मंदावले होते आणि सट्टेबाज घड्याळांत शिरले. पाटेक फिलिपची नॉटिलस ५७११ ही स्टीलची, जेराल्ड जेन्टा या घड्याळ-आरेखनकाराच्या १९७६ च्या रेखाटनातून आलेली. २०२१ मध्ये ती बंद होतेय असं जाहीर झालं आणि तिचे भाव मूळ किमतीच्या कित्येक पट झाले. त्याच डिसेंबरात टिफनी या अमेरिकन दागिन्यांच्या कंपनीच्या निळ्या डायलची एक ५७११ न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ६५ लाख डॉलरना गेली. २०२२ च्या वसंतानंतर बाजार उतरायला लागला आणि पुढची दोन वर्षं उतरत राहिला. शिखरावर घेतलेल्यांचं रोलेक्सचं घड्याळही तोट्यात गेलं. रोलेक्स कधी पडत नाही, असं कुणी सांगितलं तर त्याला २०२२ साल आठवायला सांगा.

पायरी ४: काही खऱ्या जोड्या

दुकानात उभं राहिल्यावर प्रश्न हे की ते, असाच असतो. म्हणून जोड्यांनीच बोलतो.

ओमेगाची सीमास्टर डायव्हर ३०० एम की ट्यूडरची ब्लॅक बे फिफ्टी-एट? सीमास्टर ४२ मिमी, ३०० मीटर, डायलभोवती सिरॅमिकची कडा, मास्टर क्रोनोमीटर, ५५ तास. ब्लॅक बे फिफ्टी-एट २०१८ साली आली: ३९ मिमी, २०० मीटर, ॲल्युमिनियमची कडा, क्रोनोमीटर, ७० तास. कागदावर ओमेगा पुढे आहे आणि यंत्र म्हणून ती खरोखरच वरचढ आहे. पण ती ट्यूडरपेक्षा बरीच महाग आहे, आणि नवी घेतली तर पडणारी रक्कमही मोठी. लहान मनगट असेल, तर ट्यूडर निःशंक घ्या. मोठं असेल आणि ओमेगाच हवी असेल, तर दोन-तीन वर्षं वापरलेली घ्या. पहिल्या मालकाने सोसलेली घट तुम्हाला सोसावी लागत नाही. बाजारात या मॉडेलची वापरलेली घड्याळं भरपूर असतात, घाई करायचं कारण नाही.

रोलेक्सची डेटजस्ट की कार्टिएची सांतोस? सांतोसचा जन्म १९०४ चा. विमान उडवताना खिशातलं घड्याळ काढता येत नाही, अशी वैमानिक अल्बेर्तो सांतोस-द्युमोंची अडचण होती आणि लुई कार्टिएने ती सोडवली. आजच्या सांतोसचं ब्रेसलेट कुठल्याही अवजाराशिवाय बदलता येतं, कड्याही हाताने काढता येतात. उन्हाळ्यात मनगट सुजतं तेव्हा याची किंमत कळते. मोडीत डेटजस्ट पुढे, रोजच्या वापरात मला सांतोस जास्त सुखाची वाटते. कार्टिएची एक गोष्ट विसरू नका: कंपनीकडे घड्याळाची नोंदणी केली की वॉरंटी आठ वर्षांपर्यंत वाढते. नोंदणी झालेलं घड्याळ विकतानाही भरवशाचं ठरतं.

स्विस नसलेली, जपानची ग्रँड सेइको ही मनाला चटका लावणारी निवड आहे. स्प्रिंग ड्राइव्ह हे त्यांचं यंत्र स्प्रिंगवर चालतं आणि त्याचा वेग क्वार्ट्झ सांभाळतो. दिवसाला एका सेकंदाची अचूकता, जराही न थबकता सरकणारा सेकंदकाटा. त्यांच्या स्नोफ्लेक या मॉडेलची बर्फासारखी डायल तासभर बघत बसावं अशी आहे. एवढी हातकारागिरी त्या किमतीत स्विस कंपन्या क्वचितच देतात. आणि तरीही नवी घेऊन विकली तर मोड निराश करते. म्हणून माझं सांगणं: ग्रँड सेइको आयुष्यभर ठेवायची असेल तरच नवी घ्या, आणि ठेवणार असाल तर खुशाल घ्या.

ओमेगाची स्पीडमास्टर प्रोफेशनल १९६९ मध्ये चंद्रावर गेली आणि त्या गोष्टीवर ती आजही विकली जाते. चावीचं यंत्र, ५० मीटर पाणी. मुंबईच्या पावसात एकुलतं एक घड्याळ म्हणून ती मी सुचवणार नाही, दुसरं घड्याळ म्हणून मात्र आनंदाने.

पायरी ५: महिन्याचा खर्च काढा

इथे कागद-पेन्सिल घ्या. खालचे आकडे फक्त रीत समजावण्यासाठी मनाने घेतले आहेत.

नवं घड्याळ ५ लाखांना घेतलं. सहा वर्षांनी ३ लाख २५ हजारांना विकलं. मधल्या काळात सर्व्हिसिंगला ५० हजार गेले. एकूण खर्च २ लाख २५ हजार, भागिले ७२ महिने, म्हणजे महिन्याला सव्वातीन हजारांच्या आत. तेच घड्याळ दोन वर्षं वापरलेलं, साडेतीन लाखांना घेतलं, सहा वर्षांनी २ लाख ९० हजारांना विकलं, सर्व्हिसिंग तेवढंच. खर्च १ लाख १० हजार, म्हणजे महिन्याला दीड हजाराच्या आसपास. घड्याळ तेच, मनगट तेच, महिन्याचा खर्च निम्म्याखाली.

आता हौशी लोक टाळतात तो भाग. ७ टक्के व्याजाने ५ लाख मुदत ठेवीत ठेवले असते, तर सहा वर्षांत करापूर्वी सुमारे साडेसात लाख झाले असते. तेव्हा पाचचं घड्याळ सहाला विकून एक लाख कमावले असं सांगणाऱ्याने प्रत्यक्षात दीड लाख गमावलेले असतात. मोड बघायची ती हौसेचा खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी. गुंतवणूक म्हणून यात उतरणाऱ्या, कर्ज काढून घड्याळ घेणाऱ्या तरुण मुलांची मला खरोखर काळजी वाटते.

सर्व्हिसिंगचा काळही हिशेबात धरा. ओमेगा पाच ते आठ वर्षांनी सुचवते, रोलेक्स साधारण दहा वर्षांनी. दोन्हींची वॉरंटी पाच वर्षांची आहे.

पायरी ६: कुठे घ्यायचं, कर काय

भारतात अधिकृत विक्रेत्याकडून घेताना छापील किमतीत सीमाशुल्क आणि १८ टक्के जीएसटी धरलेलाच असतो. १० लाखांवरच्या घड्याळावर २२ एप्रिल २०२५ पासून विक्रेता १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकरही घेतो. तो कर तुमच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्रात वळता करून घेता येतो, म्हणून पावती जपून ठेवा. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने देण्याचा विषयच काढू नका, कायद्याने ती विक्रेत्याला घेता येत नाही. आणि बँकेतून दिलेल्या पैशांची नोंद पुढे विकताना मालकीचा पुरावा म्हणून कामी येते.

स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांशी झालेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. त्यात स्विस घड्याळांवरचं आयातशुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्याने काढून टाकायचं आहे. कंपन्या तो फायदा गिऱ्हाइकाला किती देतील हे त्यांच्या हातात आहे. पण नव्याची किंमत उतरली, तर वापरलेल्याची मोडही तिच्याबरोबर उतरते. आज घेणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं.

दुबईत स्वस्त मिळतं, हे आपल्याकडे प्रत्येक कुटुंबात कुणीतरी सांगतं. तिथला व्हॅट ५ टक्के आहे आणि पर्यटकाला त्यातला मोठा भाग परत मिळतो, हे खरं. पण भारतात उतरल्यावर सामानातल्या शुल्कमुक्त मर्यादेपुढे अशा घड्याळाची किंमत कितीतरी जास्त असते. ते जाहीर करून शुल्क भरावं लागतं. मनगटात घालून गुपचूप बाहेर पडण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पकडलं गेलं तर घड्याळ जप्त होऊ शकतं, आणि नाही पकडलं गेलं तरी विकताना भारतातलं बिल नसल्याने मोड घटते. आपलंच जुनं महागडं घड्याळ घालून परदेशी जाणार असाल, तर निघताना विमानतळावर कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या, म्हणजे परतताना वाद होत नाही.

मागणीतल्या मॉडेलसाठी काही विक्रेते आधी दुसरं काहीतरी घ्यायला सुचवतात. नको असलेल्या त्या वस्तूवर होणारा तोटा घड्याळाच्या किमतीत मिळवा आणि मग बघा, तेवढ्या पैशात वापरलेलं, कागदपत्रांसकट, लगेच मिळतंय का. पुष्कळदा मिळतं.

पायरी ७: वापरलेलं घेताना

घड्याळाआधी विकणाऱ्या माणसाला पारखा. पत्ता, दुकान, जीएसटी बिल, परतीची लेखी हमी. यातलं काहीच नसेल, तर भाव कितीही चांगला असो, हात जोडा आणि निघा. मग पेटी, वॉरंटी कार्ड, मूळ बिल, ब्रेसलेटच्या काढून ठेवलेल्या कड्या. केसवरचा अनुक्रमांक कार्डावरच्या अंकाशी स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा.

सेकंदकाटा टिकटिक न करता सरकतो म्हणजे खरं, ही जुनी परीक्षा आता निरुपयोगी आहे. आजच्या चांगल्या नकलांत तो हुबेहूब सरकतो, वजन जुळतं, अंक कोरलेले असतात. त्यामुळे पैसे देण्याआधी जाणकार घड्याळजीकडून मागचं झाकण उघडून यंत्र बघायची अट घाला. त्याच्याकडे टाइमग्राफर, म्हणजे यंत्राची चाल मोजणारं उपकरण असतं. त्यावर पूर्ण चावी दिलेल्या यंत्राची आंदोलनकक्षा, म्हणजे आतलं झुलणारं चाक किती फिरतं तो आकडा, २७० ते ३१० अंशांच्या आसपास असेल तर तब्येत बरी. २२० च्या खाली असेल, तर सर्व्हिसिंगचा खर्च भावातून वजा करून मागा.

जुन्या घड्याळांच्या वाटेला जाणाऱ्यांसाठी थोडं विषयांतर. स्विस कंपन्यांचं मुंबईशी नातं फार जुनं आहे. फाव्र-ल्यूबाने १८६५ साली मुंबईत कचेरी उघडली होती, आणि आपल्या आजोबांच्या पिढीत ते नाव घराघरांत होतं. त्यामुळे जुना माल इथे विपुल आहे, आणि त्यातूनच एक उद्योग उभा राहिला: जुन्या यंत्रावर नव्याने रंगवलेली चकचकीत डायल, चार ठिकाणचे काटे, पॉलिश केलेला केस. परदेशातले संग्राहक अशा घड्याळांना मुंबई स्पेशल म्हणतात. पन्नास वर्षांचं घड्याळ नव्या नाण्यासारखं झळकत असेल आणि डायलवरची अक्षरं भिंगाखाली फेंगडी दिसत असतील, तर ते तेच. हौस म्हणून दोन हजारांत घ्यायला हरकत नाही, पण त्याला मोड नाही. उलट डागाळलेली, पिवळी पडलेली, पण मूळ डायल असेल, तर तिला जाणकार जास्त पैसे देतात. आजोबांचं घड्याळ घरात असेल, तर डायल रंगवून घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती.

पायरी ८: घरी आणल्यावर

पेटी, कार्ड, बिल, कड्या, अगदी दोरीला लटकणारं लेबलसुद्धा एका पिशवीत घालून कपाटात ठेवा आणि घरच्यांना ती जागा सांगा. माळा आवरताना रिकामी पेटी भंगारात गेल्याच्या गोष्टी मी इतक्यांदा ऐकल्या आहेत की हे मुद्दाम लिहितो. कागदपत्रांशिवाय तेच घड्याळ लक्षणीय कमी भावाला जातं. सगळ्याचे फोटो आणि अनुक्रमांक फोनबाहेरही कुठेतरी जपा. चोरी झाल्यास पोलिसांना आणि विमा कंपनीला तेच लागतात. घरातल्या सामानाचा विमा असेल, तर घड्याळ त्यात वेगळं नमूद करावं लागतं का, ते विचारा.

पॉलिश करू देऊ नका. हे मी सोसून शिकलो. नव्वदच्या दशकातली माझी सीमास्टर मी एका दुरुस्तीवाल्याकडे सर्व्हिसिंगला दिली होती. परत आली ती चकाचक, सगळे ओरखडे गायब. लगच्या धारदार कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या होत्या. घासलेलं स्टील परत येत नाही. तीन वर्षांनी विकायला नेली, तेव्हा पहिल्या व्यापाऱ्याने भिंगही न काढता भाव पाडला, आणि त्याचं बरोबर होतं. तेव्हापासून सर्व्हिसिंगच्या पावतीवर केस आणि ब्रेसलेट पॉलिश करू नये, बदललेले मूळ भाग परत द्यावेत, ही दोन वाक्यं लिहून त्यावर सही घेतल्याशिवाय मी घड्याळ सोडत नाही. बाहेरून हिरे बसवून घेणं, डायलचा रंग बदलून घेणं, मागे नाव कोरणं, यांनीही मोड जाते. लग्नात जावयाला द्यायच्या घड्याळावर नाव कोरायचा मोह होतो. ते नाव सोबतच्या कार्डावर लिहा.

पायरी ९: विकायची वेळ आली तर

तीन वाटा आहेत. व्यापाऱ्याला विकलं तर पैसे त्याच दिवशी, पण त्याचा नफा तुमच्या भावातून जातो. त्याच्याकडे विक्रीला ठेवलं तर भाव बरा, पण थांबावं लागतं. किती टक्के घेणार, किती दिवसांत, आणि दुकानात असताना हरवलं तर जबाबदारी कुणाची, हे लिहून घ्या. थेट माणसाला विकलं तर भाव सर्वात चांगला आणि जोखीमही सर्वात मोठी. घरी बोलावू नका. बँकेच्या शाखेत भेटा, पैसे खात्यात जमा झालेले स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये बघा, समोरच्याने दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर घड्याळ देऊ नका. सोन्याचं किंवा हिरेजडित घड्याळ नफ्यात विकत असाल, तर कराबद्दल आधी सीएला विचारा.

भाव ठरवताना जाहिरातींत मागितलेल्या किमती बघू नका, प्रत्यक्ष व्यवहार झालेल्या किमती विचारा. तीन व्यापाऱ्यांकडे एकाच दिवशी जा, तिघांचे आकडे लिहा. आणि शक्य झालं तर हेच काम घड्याळ घेण्याच्या आठवडाभर आधी करा: ज्या मॉडेलवर मन बसलंय, ते विकायचं आहे असं सांगून तीन ठिकाणी फोन करा. अर्ध्या तासात तुम्हाला त्याची खरी मोड कळेल, अजून एक रुपयाही खर्च न करता.